भातलावणी, तापाची गोळी आणि पोटातले जिवाणू

मृगाचा पाऊस सुरू झाला की मालवणच्या किनारपट्टीवरील जीवनक्रम पार बदलून जातो. यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर जून-जुलैची बंदी लागू होते, होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारल्या जातात आणि घराघरांत ताज्या बांगड्या-पेडव्यांची जागा सुके बांगडे, गोलमो आणि कुळथाची पिठी घेते. त्याच सुमारास किनाऱ्यापासून आत, कुडाळ, कणकवली, सावंतवाडीच्या कुणग्यांमध्ये तरवा काढण्याची आणि लावणीची घाई उडालेली असते. दिवसभर गुडघाभर चिखलात उभे राहायचे, आणि त्या चिखलात उंदीर-घुशींच्या मूत्रातून आलेले लेप्टोस्पायरा जिवाणू असू शकतात. पायाच्या भेगांतून किंवा बारीकशा जखमेतून ते शरीरात शिरतात. गेल्या काही वर्षांत ‘लेप्टो’ हा शब्द सिंधुदुर्गातील वाडीवाडीत ठाऊक झाला आहे आणि पावसाळ्यात जोखमीच्या गावांतील शेतकऱ्यांना आरोग्य खात्याकडून डॉक्सिसायक्लीनच्या गोळ्या वाटल्या जाणे हेही आता कोणाला नवलाचे वाटत नाही.

ही गोळी असते लेप्टोसाठी. परंतु ती ज्या पोटात जाते तेथे आधीपासूनच एक मोठी वसाहत नांदत असते. इस्रायलमधील रॉन मिलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली केलेल्या हिशेबानुसार प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, म्हणजे स्वतःच्या पेशींपेक्षा किंचित अधिकच. त्यांतील बहुतेक सर्व मोठ्या आतड्यात राहतात. न पचलेला चोथा आंबवून त्यातून शरीराला उपयोगी आम्ले तयार करणे, काही जीवनसत्त्वे बनविणे, बाहेरून आलेल्या उपद्रवी जिवाणूंना थारा न देणे ही त्यांची नित्याची कामे. पाऊस, बदललेला आहार, उपवास, ताप आणि औषध अशी संकटे या वसाहतीवर एकामागून एक कोसळतात, तेव्हा ती काय करते, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. पावसाळ्यातल्या त्या गोळीचा हिशेबही त्यावरच अवलंबून आहे.

मुळात माणसाचे पोट ही जिवाणूंसाठी कधीच सुखाची जागा नव्हती. अन्नाबरोबर गिळला गेलेला जिवाणू प्रथम जठरातील आम्लात पडतो. कोकमाचे आगळ कितीही आंबट लागले तरी जठरातील आम्लापुढे ते सौम्यच. या आम्लात बहुतेक जिवाणू मरतात. पटकीच्या जिवाणूचे उदाहरण बोलके आहे. अमेरिकेत स्वयंसेवकांवर झालेल्या प्रयोगांत असे आढळले, की जठरातील आम्ल शाबूत असताना पटकी होण्यासाठी कोट्यवधी जिवाणू पोटात जावे लागतात. मात्र सोडा देऊन आम्ल मारले, की त्याच्या हजारो पट कमी जिवाणूही पुरतात. पित्ताच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ मनानेच घेणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यायला हरकत नाही. 

आपल्या आतड्यांतील परिचित रहिवासी ई. कोलाय याने मात्र आम्लावर तोड काढली आहे. आम्लाची चाहूल लागताच तो एक खास विकर तयार करतो. हे विकर ग्लुटामेट या साध्या द्रव्याचे रूपांतर करते आणि प्रत्येक वेळी पेशीत शिरलेला आम्लाचा एक कण, म्हणजे प्रोटॉन, त्यात खर्ची पडतो. तयार झालेले द्रव्य पेशीबाहेर टाकले जाते आणि नवे ग्लुटामेट आत घेतले जाते. गळक्या होडीतले पाणी उपसत राहावे तसा हा प्रकार असून, त्याच्या जोरावर ई. कोलाय जठरातील काही तास तग धरून लहान आतड्यात पोहोचतो.

तेथे पित्तरस वाट पाहत असतो. चरबी फोडणे हे पित्ताचे काम, आणि जिवाणूची आवरणेही चरबीचीच असल्याने साबणाने तेलाचा डाग जावा तशी ती विरघळू लागतात. यावर ई. कोलायसारख्या जिवाणूंचा उपाय दुहेरी असतो. आवरणातील रुंद छिद्रे कमी करून ते अरुंद छिद्रे वाढवतात आणि आत शिरलेले पित्त बाहेर फेकणारे पंप जोमाने चालवतात. या पंपांपैकी एक फार महत्त्वाचा आहे. तो केवळ पित्तच नव्हे, तर टेट्रासायक्लीन गटातील औषधे आणि इतर अनेक प्रतिजैविकेही बाहेर फेकतो. प्रतिजैविके औषध म्हणून वापरात येऊन शंभर वर्षेही झालेली नाहीत. पित्ताशी जिवाणूंचा झगडा मात्र कोट्यवधी वर्षांचा आहे. त्या जुन्या झगड्यात घडविलेले हत्यार आज नव्या शत्रूवर चालवले जात आहे. जिवाणूंच्या औषधांना तोंड देण्याच्या ताकदीकडे पाहताना ही बाब सहसा विसरली जाते.

किनाऱ्यावरच्या वाचकाला पित्ताचे आणखी एक उदाहरण जवळचे वाटेल. व्हिब्रियो पॅराहिमोलिटिकस हा कोमट खाऱ्या पाण्यात, मासळीवर आणि शिंपल्यांवर राहणारा जिवाणू. १९५० साली जपानमधील ओसाका येथे लहान मासळी खाऊन २७२ जण आजारी पडले व २० दगावले, तेव्हा त्सुनेसाबुरो फुजिनो यांनी तो शोधून काढला. या जिवाणूच्या आवरणावर पित्त ओळखणारी प्रथिनांची जोडी असते. पित्ताचा स्पर्श होताच ‘आपण आता समुद्रात नाही, आतड्यात आहोत’ हे त्याला कळते आणि आतड्याच्या पेशींना टोचण्याची यंत्रणा तो उभारू लागतो. ज्याने त्याला मारावे, तेच त्याच्यासाठी हल्ल्याची सूचना ठरते. मालवणी स्वयंपाकघरात तिरफळे घातलेले कालवण रटरटा उकळल्याशिवाय चुलीवरून उतरत नाही, हे या बाबतीत सुदैवच म्हणायचे.

हे झाले पाहुण्यांचे. मोठ्या आतड्यातील कायमच्या रहिवाशांना भेडसावणारे मुख्य संकट म्हणजे अन्नाचा तुटवडा किंवा अन्नातील अचानक बदल. अमेरिकेतील एका गटाने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना काही दिवस केवळ मांस, अंडी व चीज यांवर, तर नंतर केवळ वनस्पतिज आहारावर ठेवले. एक-दोन दिवसांतच जिवाणूंचे प्रमाण बदलले. मांसाहारात पित्ताला न जुमानणारे जिवाणू वाढले, कारण चरबी वाढली की पित्तही अधिक स्रवते. टांझानियातील हाडझा या शिकारी जमातीच्या पोटातील जिवाणू कोरड्या आणि ओल्या ऋतूंप्रमाणे बदलतात, काही तर एका ऋतूत जवळजवळ नाहीसे होऊन पुढच्या ऋतूत परततात, असे २०१७ साली दिसून आले. भारतात भोपाळ आणि केरळ येथील लोकांची तुलना २०१९ साली प्रसिद्ध झाली. धान्य-कडधान्यांवर भर असलेल्या भोपाळच्या लोकांत प्रीव्होटेला या जिवाणूचे प्राबल्य आढळले, तर भात आणि मासळी खाणाऱ्या केरळमध्ये बॅक्टेरॉइडीस आणि त्याच्यासारख्या इतरांचा वाटा मोठा होता. कोकणचे ताट कोणाच्या जवळचे, हे सांगायला नको.

मासळीचा हंगाम संपून कुळीथ, नाचणी आणि उकड्या तांदळाची पेज यांचे दिवस येतात, तेव्हा मोठ्या आतड्यातील कारभारही हलतो. कुळथातील काही शर्करा माणसाला पचवता येत नाहीत. त्या थेट जिवाणूंच्या वाट्याला जातात. पिठी खाल्ल्यावर पोटात होणारी गुडगुड ही खरे तर त्यांच्या मेजवानीची खूण. शिजवून थंड केलेल्या भातातील काही पिष्टही न पचता खाली उतरते आणि त्यापासून ब्युटिरिक आम्ल तयार होते. हे आम्ल मोठ्या आतड्याच्या अस्तराचे मुख्य इंधन आहे. अस्तराच्या पेशी ते जाळताना भोवतालचा प्राणवायू वापरून टाकतात, म्हणूनच आतडे जवळजवळ प्राणवायूविरहित राहते. पुढे औषधाच्या संदर्भात या गोष्टीकडे परतावे लागेल.

श्रावणात उपवास वाढतात. अन्न मिळेनासे झाले, की बहुतेक जिवाणू वाढ थांबवतात. पेशीत एक लहानसे सूचक द्रव्य साठू लागते, नवी प्रथिने बनविण्याचा कारखाना मंदावतो आणि असलेला साठा दुरुस्ती व बचाव यांकडे वळवला जातो. काही जण बीजाणूंच्या टणक कवचात शिरून स्वस्थ बसतात. काहींची युक्ती मात्र निराळी आहे. वरून चोथा येईनासा झाला, की ते आतड्याच्या भिंतीवरील श्लेष्माचा थर, म्हणजे बुळबुळीत संरक्षक आवरण, खाऊ लागतात. महेश देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली उंदरांत माणसाच्या पोटातील १४ जातींचे जिवाणू वसवून हे दाखवून दिले. चोथा नसलेल्या आहारावर हा थर पातळ झाला आणि रोगकारक जिवाणू भिंतीला भिडले. एखाद्या सोमवारच्या उपवासाने असे काही होत नाही, कारण हा थर सतत नव्याने तयार होत असतो. महिनोन् महिने चोथ्याविना काढणे ही वेगळी गोष्ट आहे. अर्थात उपवास म्हणून साबुदाण्याची खिचडी खाणे जिवाणूंच्या दृष्टीने उपवासापेक्षा फारसे वेगळे नाही. साबुदाण्यातील पिष्ट वरच्या वरच पचून जाते आणि खाली पोहोचतात ते मुख्यतः खिचडीतले शेंगदाणे!

ताप आला की संकटाचे स्वरूप पालटते. लेप्टोत ताप ३९-४० अंश सेल्सिअसवर जाणे नेहमीचे. उष्णतेने प्रथिनांच्या घड्या विस्कटतात आणि विस्कटलेली प्रथिने पेशीला निकामी करतात. ई. कोलायने त्यासाठी जणू तापमापकच बसवला आहे. बचावाच्या प्रथिनाचा निरोप वाहणारा आरएनएचा धागा एरवी स्वतःवरच दुमडलेला असतो. तापमान चढले की घडी उलगडते, निरोप वाचला जातो आणि विस्कटलेली प्रथिने पुन्हा घडीत बसविणारी मदतनीस प्रथिने तयार होतात. पेशीला कोणी आज्ञा द्यावी लागत नाही. उष्णता हीच आज्ञा.

तापाबरोबरच शरीर रक्तातील लोह दडवून ठेवते, कारण लोहाशिवाय जिवाणू वाढत नाहीत. त्यावर जिवाणू लोह ओढून आणणारे रेणू बाहेर सोडतात. शरीर त्या रेणूंना पकडणारे प्रथिन पाठवते. साल्मोनेला त्यावरही मात करतो. रेणूला साखरेचे वेष्टन चढवून तो तोच रेणू शरीराच्या पकडीतून सोडवतो. दाह झालेल्या आतड्यात शरीराच्या पेशी जिवाणूंवर जी प्रखर द्रव्ये सोडतात, त्यांतून टेट्राथायोनेट नावाचे एक गंधकयुक्त संयुग बनते. साल्मोनेला त्याचा प्राणवायूसारखा वापर करून इतरांना मागे टाकतो, हे २०१० साली सिद्ध झाले. शरीराचा प्रतिकार काही वेळा चुकीच्या पक्षाला मदत करतो तो असा.

मनावरचा ताणही आतड्यापर्यंत पोहोचतो. ताणाच्या वेळी स्रवणारे नॉरएड्रिनॅलिन हे संप्रेरक मिसळले, की कुपोषित माध्यमातही ई. कोलायसारख्यांची वाढ झपाट्याने होते, असे मार्क लाइट यांनी १९९२ साली नोंदवले. पुढे उलगडले ते असे, की हे संप्रेरक शरीरातील प्रथिनांनी धरून ठेवलेले लोह सैल करते. वादळाच्या बातमीने खोल समुद्रात अडकलेल्या माणसाच्या घरच्यांचे पोट बिघडते, यामागे एवढे एकच कारण नसते. तरीही पोटातले जिवाणू त्या भीतीची दखल घेतात, हे मात्र खरे.

आता त्या गोळीकडे. टेट्रासायक्लीन गटातील पहिले औषध, ऑरिओमायसिन, १९४८ साली अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत बेंजामिन डगर यांनी मातीतील एका सूक्ष्मजीवापासून मिळविले. त्या प्रयोगशाळेतील संशोधनाची धुरा तेव्हा यल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रातून गेलेल्या शास्त्रज्ञाकडे होती. डॉक्सिसायक्लीन हे त्याच घराण्यातील १९६७ साली बाजारात आलेले औषध. ते जिवाणूच्या प्रथिने बनविणाऱ्या यंत्राला, रायबोसोमला, जाऊन चिकटते आणि उत्पादन ठप्प करते. गोळी पोटात गेल्यावर जवळजवळ सगळी लहान आतड्याच्या वरच्या भागातच शोषली जाते. पण पुढे पित्तातून आणि आतड्याच्या भिंतीतून औषधाचा बराचसा भाग पुन्हा आतड्यात उतरतो. त्यातील पुष्कळसा अन्नातील घटकांशी बांधला जाऊन निष्प्रभ झालेला असतो, म्हणूनच डॉक्सिसायक्लीनने पोटाची घडी इतर अनेक प्रतिजैविकांच्या मानाने कमी विस्कटते. उरलेला थोडासा भाग मात्र जिवाणूंना जाणवतो.

त्याला तोंड देण्याची त्यांची रीत अशी. काही जिवाणूंत औषध बाहेर फेकणाऱ्या पंपाचे जनुक असते, पण पंप चालविणे खर्चाचे काम असल्याने एक पहारेकरी प्रथिन त्या जनुकावर बसून ते बंद ठेवते. औषधाचा रेणू आत आला, की तो याच पहारेकऱ्याला चिकटतो, पहारेकरी जागेवरून सुटतो आणि पंप तयार होतात. म्हणजे औषधच आपल्या हकालपट्टीचे दार उघडते. बॅक्टेरॉइडीसकडे दुसरी व्यवस्था असते. रायबोसोमवरून औषध उचकटून काढणारे प्रथिन तो बनवतो.

खरी गोम पुढेच आहे. बॅक्टेरॉइडीसमधील हे जनुक एका फिरत्या तुकड्यावर असते आणि तो तुकडा शेजारच्या जिवाणूला देता येतो. अॅबिगेल सॅलियर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की एरवी ही देवघेव क्वचित होते, परंतु टेट्रासायक्लीनचा अल्पसा अंशही भोवती असला, की ती शंभर ते हजार पट वाढते. संकटाची चाहूल लागताच वसाहत आपल्याकडची ढाल शेजाऱ्यांना वाटू लागते. याच गटाने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, १९७० पूर्वी जतन केलेल्या बॅक्टेरॉइडीसच्या नमुन्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांत हे जनुक होते, तर नव्वदच्या दशकातील नमुन्यांत ते ८० टक्क्यांहून अधिकांत आढळले. नव्वदचे नमुने केवळ रुग्णांचे नव्हते, तर औषध न घेतलेल्या निरोगी माणसांचेही होते.

मग गोळी घेऊ नये काय? असा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. पनामाच्या जंगलात प्रशिक्षण घेणाऱ्या ९४० अमेरिकी सैनिकांवर झालेल्या आणि १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लीन घेणाऱ्यांत लेप्टोचा एकच रुग्ण आढळला. खोटी गोळी घेणाऱ्यांत २० रुग्ण आढळले. अंदमानात भारतीय संशोधकांनी केलेल्या चाचणीत संसर्ग फारसा टळला नाही, पण प्रत्यक्ष आजारी पडणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. लेप्टो मूत्रपिंड आणि फुप्फुसांवर उतरला तर काही दिवसांत माणूस दगावतो. त्या तुलनेत आठवड्याला एक गोळी, तीही केवळ लावणीच्या जोखमीच्या काळात आणि चिखलात उतरणाऱ्यांनाच, हा सौदा महाग नाही.

महाग पडतात त्या बाकीच्या गोळ्या. पावसाळ्यात पोट बिघडले, की औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना दोन दिवसांच्या गोळ्या आणण्याची सवय शहरांत आणि गावांत सारखीच आहे. जुलाबांचे बहुतेक प्रकार मीठ-साखरेच्या पाण्याने आणि पेजेने निभावतात. अशा वेळी घेतल्या जाणाऱ्या फ्लुरोक्विनोलोन गटातील औषधांनी जिवाणूंचा डीएनए तुटतो. ही तूटफूट जाणवताच जिवाणू आणीबाणीची दुरुस्ती यंत्रणा सुरू करतात. ती घाईत काम करते आणि चुकाही करते, आणि त्या चुकांतूनच कधी औषधाला दाद न देणारा जिवाणू निपजतो. शिवाय ब्युटिरिक आम्ल बनविणारे मारले गेले, की अस्तराच्या पेशी प्राणवायू जाळेनाशा होतात, तो आतड्यात झिरपतो आणि एरवी दबून असलेले ई. कोलाय व साल्मोनेला यांना मोकळे रान मिळते. जुलाब थांबवण्यासाठी घेतलेली गोळी पुढच्या जुलाबांची वाट मोकळी करते ती अशी.

घडी पुन्हा बसते, पण पूर्ववत नाही. डेन्मार्कमध्ये १२ निरोगी तरुणांना तीन तीव्र प्रतिजैविके चार दिवस देऊन त्यांच्या पोटातील जिवाणूंवर सहा महिने लक्ष ठेवले गेले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दीड महिन्यात वसाहत जवळजवळ पहिल्यासारखी झाली, मात्र सुरुवातीला सर्वांकडे असलेल्या नऊ जाती सहा महिन्यांनंतरही सापडल्या नाहीत.

डॉक्सिसायक्लीन घेताना दोन-तीन पथ्ये आवश्यक आहेत. दूध, लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या यांच्याबरोबर ती घेतली तर औषध त्यांना बांधले जाते, कमी शोषले जाते आणि लेप्टोपासूनचे संरक्षणही कमी पडू शकते. ती जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये. गरोदर स्त्रिया व लहान मुले यांना ती डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये. उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी डब्यात ठेवण्याची पद्धत मात्र सोडलेली बरी. लावणी उरकली, गोळ्यांचे वाटपही थांबले, तरी बॅक्टेरॉइडीसने शेजाऱ्याला दिलेला तो फिरता तुकडा औषध नसतानाही नव्या पिढ्यांकडे जात राहतो.